सुईण : दाराबाहेर थांबलेल्या वाङ्मयाविषयी

मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि नंतर चित्रपटांत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की तो पहिल्यांदा कोणी लिहिला, असा प्रश्नही मनात येत नाही. रात्र असते, बहुधा पावसाची. ओसरीवर पुरुष येरझाऱ्या घालत असतो. आतल्या खोलीचे दार लोटलेले असते. कण्हणे ऐकू येते, कोणीतरी पाणी तापवायला सांगते, मग एक किंकाळी आणि पाठोपाठ लेकराचे रडणे. दार किलकिले होते. पदराला हात पुसत एक म्हातारी बाहेर येते, ‘मुलगा झाला’ म्हणते किंवा नुसती मान हलवते, आणि कथेतून कायमची निघून जाते. तिचे नाव आपल्याला कळत नाही. ती कुठून आली, आत तिने नेमके काय केले, तिला काय मिळाले, हेही कळत नाही. लेखक पुन्हा ओसरीवरच्या पुरुषाकडे वळतो.

ही म्हातारी म्हणजे सुईण. माझ्याकडे संशोधनाची पदवी नाही. गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात वीस-बावीस वर्षे मुद्रिते तपासली, तेच माझे विद्यापीठ. मुद्रितशोधकाला एक सवय जडते. छापलेल्या शब्दाआधी त्याला सुटलेला शब्द दिसू लागतो. मराठी वाङ्मयातून ही बाई सुटली आहे हे असेच पुनःपुन्हा डोळ्यांवर आले. त्यातून जे शोधत गेलो, ते इथे मांडतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपले बहुतेक लेखन बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबले. ज्यांच्या घराला दारच नव्हते, किंवा असून बंद करून घेण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या शब्दांतून आपण आत जाऊ शकतो. आणि आत गेल्यावर जी सुईण दिसते, ती आज व्यासपीठावरून जिचे गोडवे गायले जातात तशी नाही, आणि सरकारी भिंतीपत्रकावरच्या अडाणी दाईसारखीही नाही.

आधी तिची गैरहजेरी किती जुनी ते पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. गावाचा कारभार समजून घेताना आपण आजही त्याच पुस्तकाकडे जातो. बलुतेदारांच्या याद्या गावोगावी थोड्या बदलतात. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग अशी नावे मागेपुढे होतात. मी पाहिलेल्या कोणत्याही यादीत सुईण स्वतंत्र दिसली नाही. गावातला प्रत्येक माणूस जिच्या हातावर जन्माला आला, तिचे बलुते नाही! कारण उघड आहे. बलुते घराच्या नावावर असते आणि घर पुरुषाच्या. सुइणीची विद्या सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे जाते. तिचे वतन कोणत्या दप्तरात लावणार? अनेक गावांत हे काम मांगाच्या, महाराच्या, न्हाव्याच्या घरची बाई करी. तिला मिळे ते धान्य, खण, एखादे जुनेर. तेही मूल जगले तर, आणि मुलगा झाला तर जरा सढळ हाताने.

दुसरे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मले. फकिराने इंग्रजी खजिना लुटून आणलेले दोन ओंजळी सुरती रुपये त्यांच्या आईच्या बाळंतपणासाठी दिले, ही आठवण मराठी वाचकाला पाठ आहे. व्याख्याने देणाऱ्यांनाही ती फार प्रिय. रुपये सुरती होते आणि ओंजळी दोन होत्या, इतका तपशील टिकला. त्या रात्री त्या घरात बाळाची नाळ कोणी कापली, हे मात्र ही आठवण सांगणाऱ्या कोणाच्याही तोंडून मी ऐकले नाही. अण्णा भाऊंवर हा आक्षेप नाही. ते स्वतः तर त्या रात्री जेमतेम जगात येत होते. आक्षेप आहे तो आपल्या कानांवर.

२०२३ पासून मराठवाड्यात घरोघर जुन्या नोंदी शोधल्या जात आहेत. कुणबी नोंदीसाठी पणजोबाचा कागद मिळावा म्हणून लोक तहसिलीत रांगा लावत होते. त्या निमित्ताने शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर मीही काही जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या पाहिल्या. तारीख आहे, बापाचे नाव आहे, जात आहे. आईचे नाव असेलच असे नाही. सुइणीला रकाना नाही. तो आला १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या छापील नमुन्यात, आणि तोही प्रकार नोंदवण्यापुरता : संस्थेत, की डॉक्टर-परिचारिकेच्या हातून, की पारंपरिक दाईच्या, की नातेवाइकांच्या. म्हणजे ती आली ती खूण करायच्या चौकटीत. असो.

आता आत जाऊ या. सर्वांत आधी आत जातो तो प्रत्यक्ष विठ्ठल.

सोयराबाईंच्या नावावरच्या अभंगांत आणि संतचरित्रांच्या परंपरेत ही कथा आहे. सोयराबाईंचे दिवस भरलेले आहेत. चोखोबा घरी नाहीत, बहीण निर्मळा हिच्याकडे मेहुणपुरीला गेले आहेत. (मेहुणपुरी म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा मानतात, इथून जालन्यावरून देऊळगाव राजाच्या वाटेला लागले की ते गाव येते.) सोयराबाई घरात एकटी. तेव्हा विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन दारात येतो, नणंद म्हणून घरात शिरतो आणि वहिनीचे बाळंतपण करतो.

संतवाङ्मयाचे अभ्यासक ही कथा ‘भक्तवत्सलता’ या खात्यात टाकून पुढे जातात. जनीबरोबर दळणारा, कबीराचे शेले विणणारा देव इथे बाळंतपण करतो, एवढेच. पण ही कथा इतर चमत्कारांसारखी नाही. एक तर देवाला इथे रूप बदलावे लागले. या खोलीत तो विठ्ठल म्हणून येऊ शकत नाही. पुरुषाला, मग तो पंढरीचा राणा का असेना, इथे मज्जाव आहे. दुसरे असे की, हे काम दळणकांडणाइतके सोवळे नाही. नाळ, वार, रक्त, न्हाणीतले पाणी, ज्याला सगळा समाज विटाळ म्हणतो ते सगळे इथे हाताने करायचे आहे. याच सोयराबाईंनी दुसऱ्या एका अभंगात विचारले आहे की, देह विटाळातूनच घडतो, मग विटाळावाचून जन्मलेला कोण आहे? हा प्रश्न आणि ही कथा आपण एकत्र वाचत नाही. एकत्र वाचल्या की अभंगातला प्रश्न तत्त्वज्ञानाचा उरत नाही. बाळंतपणाच्या खोलीतून आलेल्या बाईचा तो रोकडा अनुभव ठरतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. देवाला यावे लागले, कारण दुसरे कोणी आले नाही. चमत्कार काढून घेतला तर कथेत काय उरते? महारवाड्यातले एक घर, नवरा परगावी, कळा सुरू झालेल्या आणि सुईण नाही. चौदाव्या शतकातल्या दलित स्त्रीच्या बाळंतपणाचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता असेल? भक्त त्याला कृपा म्हणतो. मी त्याला नोंद म्हणतो.

यानंतर पाचशे वर्षांनी पुण्यात एक दार उलट्या कारणासाठी उघडले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गरोदर राहिलेल्या विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी जाहिरातच लावली होती. इथे दार बंद ठेवायचे ते बाईच्या रक्षणासाठी. १८८४ साली जोतीरावांनी मलबारींच्या टिपणांवर आपले मत कळवले, त्यात या घराचा हिशेब आहे : तोवर पस्तीस विधवा बाळंत झाल्या आणि त्यांची पाचच मुले जगली होती. उरलेली का गेली, हेही त्यांनी लिहिले आहे. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी. पस्तीसांत पाच हा आकडा मी वाचला तेव्हा त्या घरातल्या रात्रींचा विचार केला. सावित्रीबाईंच्या चरित्रांत शाळा येते, शेणगोळे येतात, शेवटी प्लेगचे पोर येते. पस्तीस बाळंतपणे आणि त्यांतली तीस लहान प्रेते एका वाक्यात उरकली जातात. १८७४ साली याच घरात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. तेवढी एक गोष्ट गोड आहे म्हणून सांगितली जाते.

‘गुलामगिरी’ (१८७३) या दहा वर्षांतलीच. तिच्या आरंभी जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, असे जन्म झाले म्हणता, तर त्या मुखाला गर्भाशय होते का, विटाळ होत होता का, होत असेल तर चार दिवस ब्रह्मदेव कुठे बाजूला बसत होता, अशा अर्थाचे प्रश्न येतात. विद्वानांना ही भाषा शिवराळ वाटली. काहींना अजून वाटते. मला ती सुइणीची तपासणी वाटते. ज्या घरात बाळंतपणे होत होती त्या घरातला माणूस पुरुषसूक्ताला विचारतो : नाळ कुठे आहे? हा प्रश्न पोथी वाचून सुचणारा नाही.

आनंदीबाई जोशी इथे हटकून आठवतात. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि डॉक्टर व्हायचे मनाने घेतले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आधार घेतला जुन्या संस्कृत ग्रंथांचा. अमेरिकेतल्या परीक्षकांपुढे आपल्याकडेही शास्त्र होते हे दाखवायचे, तर तोच मार्ग होता, हे समजण्यासारखे आहे. तरी मनात येते की, शास्त्र पोथीत शोधावे लागले आणि हात कल्याणातच राहिले. गंमत अशी की ती पोथीही हातांविषयीच बोलते. सुश्रुताने शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी चार बायका जवळ असाव्यात असे सांगितले आहे : वयाने परिपक्व, बाळंतपणात कुशल आणि नखे कापलेल्या. ‘नखे कापलेल्या’ हा तपशील ग्रंथकाराला कोणा बाईनेच सांगितला असणार.

या नखांपाशी मला बेबी कांबळे यांच्याकडे यायचे आहे. ‘जिणं आमुचं’ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्त्री’ मासिकातून आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. नवऱ्यापासून लपवून, दुकानातल्या रद्दीच्या कागदांवर लिहिलेले हे लेखन. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. आंबेडकरी जाणीव, जात आणि पुरुषसत्ता, पोतराज, अंगात येणे, नाक कापणे. सगळ्यांवर चर्चा झाली. बाळंतपणाची पाने मात्र समीक्षक ‘दाहक वास्तव’ म्हणून उलटतात. ती सावकाश वाचावीत असे माझे म्हणणे आहे.

तिथे वयात आली-न आली अशी पोर पहिल्या बाळंतपणाला बसली आहे. भोवती वाड्यातल्या जाणत्या म्हणवणाऱ्या बायका. मूल कुठवर आले ते बघायला त्या वारंवार हात घालतात. आतून सूज येते, जखमा होतात, वाट आणखी अरुंद होते. कोणी पोर यात मरते, कोणाचे मूल. सुटका झालीच तर पुढे दुसरे संकट : भूक. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला खायला घरात काही नाही. पोट चिंध्यांनी आवळून ती पडून राहते, आणि कोणीतरी मूठभर धान्य मागून आणायला घराबाहेर पडते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, शेक-शेगडी यांची वर्णने आपल्या ललित लेखनात ढिगाने आहेत. त्यांच्या शेजारी ही पाने ठेवून पाहा.

बेबीताई सुइणींना माफ करत नाहीत. त्यांच्या हातांनी झालेली इजा त्या स्पष्ट लिहितात. पण दोष तिथे थांबवतही नाहीत. पोरीचे वय कोणी ठरवले, स्वच्छ कापड का नाही, बाळंतिणीच्या पोटात कण का नाही, हे सगळे त्याच पानावर आहे. म्हणूनच ही पाने आजच्या दोन्ही सोयीच्या मतांना पुरून उरतात. पहिले मत चर्चासत्रांतले : सुईण म्हणजे निसर्गाशी नाते असलेली ज्ञानवंत आदिमाता, तिला आधुनिक वैद्यकाने हुसकावले. दुसरे मत कार्यालयांतले : दाई म्हणजे घाण हात आणि अंधश्रद्धा. दुसऱ्या मताच्या लोकांना विएन्नाची आठवण करून द्यावीशी वाटते. १८४० च्या दशकात तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते, एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने शंभरातल्या सरासरी दहा बायका दगावत. सुइणींच्या विभागात चाराहून कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन येत होते. सेमेलवाइसने १८४७ साली हात धुवायला लावले तेव्हा मृत्यू खाली आले, आणि बिरादरीने त्यालाच वेड्यात काढले. घाण हातांना जात आणि पदवी दोन्ही नसते.

पैठण, गंगापूर, फुलंब्री तालुक्यांत गेल्या काही वर्षांत ज्या म्हाताऱ्या सुइणींना भेटलो, त्यांच्याविषयी थोडे. पहिल्याच घरी मला सांगण्यात आले, “बाप्या माणसाला काय सांगावं बाबा? बाईला आत धाडा, तुम्ही हितंच बसा.” मी ओसरीवर बसलो. पत्नीने आत जाऊन ऐकले आणि एसटीत परत येताना मला सांगितले. माझ्या वहीतला बराचसा मजकूर असा दाराबाहेरून मिळालेला आहे, तेव्हा कथालेखकांना मी फार बोलू नये हे बरे.

तरी जे कळले ते लहान नाही. तेलाचा हात पोटावरून फिरवून डोके खाली आहे की मूल पायाळू आहे की आडवे, हे त्या सांगत. वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, हा जुना नेम. मूल निपचित असेल तर नाळ तशीच ठेवून वारेला निखाऱ्याची धग द्यायची. वार अडकली तर बाळंतिणीच्याच वेणीचे टोक तिच्या घशाशी लावायचे, म्हणजे उमळून पोट आवळते. नाळ कापायची घाई करू नये, असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्याच म्हाताऱ्या हेही सांगत की, पूर्वी विळ्याने कापायचो, वर राख लावायचो, आणि आठवड्याच्या आत काही लेकरे ताठून जायची. सटवीने नेले म्हणायचो. तो धनुर्वात होता हे त्यांना प्रशिक्षणात कळले. १९७७ नंतर सरकारने दायांना शिकवायला घेतले. साबण, पाते, दोरा असलेली पेटी दिली. एकीचे वाक्य पत्नीने जसेच्या तसे लिहून घेतले : “पातं आलं अन् सटवी गेली.” सटवीवर आणि वैद्यकावर एका दमात असे बोलणारे वाक्य मला छापील मराठीत आढळले नाही.

किती बाळंतपणे केली, असे विचारले की कोणीच आकडा देत नाही. मोजले की दृष्ट लागते.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या, रुग्णवाहिका आल्या. महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ६५ च्या आसपास होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत जवळजवळ ९५ झाले. या बदलाविषयी हळहळायचे मला काही कारण दिसत नाही. जी आई आणि जे मूल वाचले, त्यांच्यापुढे माझ्या लेखाची किंमत किती? पण या म्हाताऱ्यांपैकी एक अजूनही गावातल्या अडलेल्या पोरीबरोबर गाडीत बसून शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत येते. प्रसूतिकक्षात तिला सोडत नाहीत. ती बाहेर, बाकाशेजारी जमिनीवर बसते, आणि आतल्या ओरडण्याच्या सुरावरून नातेवाइकांना सांगते की आता किती वेळ आहे.

हे सगळे लेखनात यायला हवे होते असे म्हणताना मला रडगाणे गायचे नाही, कारण काही ठिकाणी ते आलेही आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’त बायका आपल्या शरीराविषयी आपल्या शब्दांत बोलतात. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांत गरोदरपण आणि बाळंतपण यांचे स्वतंत्र दालन आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्येही आहे, तिथे मात्र गोडवा अधिक आणि रक्त कमी, कारण सांगणाऱ्या बायकांसमोर लिहून घेणारा पुरुष होता, भला असला तरी.

आमच्या इथल्या एका वाचनालयात मी ही पुस्तके एकाच दिवशी मागितली. ‘कानोसा’ आरोग्याच्या कपाटात होते. ‘जिणं आमुचं’ आत्मचरित्रांत. ओव्या लोकसाहित्यात, कुलूप लावलेल्या कपाटात. सोयराबाईंचे अभंग संतवाङ्मयात, ‘गुलामगिरी’ समाजसुधारणेत. ग्रंथपालबाईंनी पाचही टेबलावर आणून ठेवली आणि विचारले, “यांचा विषय काय लिहू रजिस्टरला?” मी ‘बाळंतपण’ म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले, आणि ‘संकीर्ण’ लिहिले.